मुदत संपली तर काय? तैवानमधल्या समलिंगी विवाह कायद्याचे प्रकरण

१७ मे २०१९ रोजी तैवानच्या विधिमंडळाने समलिंगी जोडप्यांना विवाहनोंदणीचा हक्क देणारा कायदा मंजूर केला. आशियातला हा असा पहिलाच कायदा. त्याच्या सहाच महिने आधी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, तिथल्या मतदारांनी सार्वमतात ७२ टक्के मतांनी नेमका उलटा कौल दिला होता. सत्ताधारी डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पार्टीत (डीपीपी) एकमत नव्हते आणि विरोधी कुओमिन्तांगचा बहुतांश गट विरोधातच होता. तरीही कायदा झाला. तो कसा झाला हे मोर्चे आणि भाषणांतून फारसे उलगडत नाही. त्यासाठी कागद वाचावे लागतात: न्यायालयाच्या आदेशातले शेवटचे वाक्य, सार्वमताच्या प्रश्नांची शब्दरचना आणि कायद्याचे चौथे कलम.

न्यायालयापर्यंत

ची चिया-वेई या कार्यकर्त्याने १९८६ मध्ये पहिल्यांदा समलिंगी विवाहाची मागणी केली, तेव्हा तैवानमधला लष्करी कायदा अजून उठायचा होता. अर्ज फेटाळला गेला आणि त्याच वर्षी त्याला अटकही झाली. नंतरच्या अर्जांचे आणि याचिकांचेही तेच झाले. २०१३ मध्ये त्याने तायपेईच्या वानहुआ विभागातल्या कुटुंबनोंदणी कार्यालयात जोडीदारासह विवाहनोंदणीचा अर्ज दिला. नकार अपेक्षितच होता आणि तो लेखी मिळवणे हाच हेतू होता. तैवानमध्ये नागरिकाला थेट संविधान न्यायालयात जाता येत नसे. आधी प्रशासनाचा नकार, मग प्रशासकीय न्यायालये आणि तिथले सगळे मार्ग संपल्यावरच पुढचा दरवाजा उघडे. २०१४ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने अपील फेटाळले आणि २०१५ मध्ये याचिका दाखल झाली.

त्याच वर्षी तायपेई महापालिकेनेही स्वतंत्र अर्ज केला. तिच्या कार्यालयांना कायद्यानुसार जोडप्यांना नकार द्यावा लागत होता आणि तो कायदाच घटनाबाह्य असावा अशी महापालिकेला शंका होती. एका नागरिकाची तक्रार न्यायालय बाजूला ठेवू शकते. राजधानीची महापालिकाही तोच प्रश्न विचारू लागली की ते कठीण होते.

विधिमंडळातली वाट तोवर बंदच होती. २००६ चे विधेयक कामकाज समितीच्या पुढे सरकले नाही, २०१३ चे समितीतच अडकले. २०१६ मध्ये दोन गोष्टी बदलल्या. विवाह समानतेला जाहीर पाठिंबा दिलेल्या त्साय इंग-वेन राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि डीपीपीला पहिल्यांदाच विधिमंडळात बहुमत मिळाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय तैवान विद्यापीठातल्या एका निवृत्त फ्रेंच प्राध्यापकाचा मृत्यू झाला. आयुष्यभराच्या जोडीदाराच्या अखेरच्या आजारात त्याला वैद्यकीय निर्णयांत कायदेशीर स्थान नव्हते, घरावरही हक्क नव्हता. या बातमीने जनमत हलले. डीपीपीच्या आमदार यू मेइ-नू यांचे नागरी संहिता दुरुस्तीचे विधेयक २६ डिसेंबर २०१६ रोजी समितीत मंजूर झाले आणि पूर्ण सभागृहासमोर न येता पडून राहिले.

आदेशातले शेवटचे वाक्य

२४ मार्च २०१७ रोजी सुनावणी झाली आणि बरोबर दोन महिन्यांनी, २४ मे रोजी, राज्यघटनेचा अर्थ लावणारा न्यायालयाचा निकाल, निर्वचन क्रमांक ७४८, जाहीर झाला. पंधरा न्यायमूर्तींपैकी हुआंग जुई-मिंग बाजूला झाले होते, कारण यू मेइ-नू त्यांच्या पत्नी. उरलेल्या चौदांपैकी दोघांनी भिन्नमत नोंदवले.

नागरी संहितेच्या विवाह प्रकरणात समलिंगी जोडप्यांना जागा नसणे हे राज्यघटनेच्या कलम २२ मधल्या विवाहस्वातंत्र्याचा आणि कलम ७ मधल्या समतेचा भंग करते, असे न्यायालयाने ठरवले. कलम ७ मध्ये लिंग, धर्म, वंश, वर्ग आणि पक्ष यांचीच नावे आहेत, लैंगिक कल नाही. ही यादी उदाहरणादाखल आहे, पूर्ण नाही, असे न्यायालयाने म्हटले. अपत्यप्राप्तीच्या मुद्द्याला दिलेले उत्तर आणखी साधे होते. मूल होण्याची क्षमता ही विवाहाची अट म्हणून संहितेत कुठेही नाही आणि मूल न झाल्याने कोणाचा विवाह रद्द होत नाही.

हे तर्क इतर देशांच्या निकालांतही सापडतात. तैवानचा निकाल वेगळा ठरतो तो आदेशाच्या रचनेने. न्यायालयाने विधिमंडळाला दोन वर्षे दिली. संहिता दुरुस्त करायची, तिच्यात नवे प्रकरण घालायचे की वेगळा कायदा करायचा, हेही त्याच्यावरच सोडले. त्यापुढचे वाक्य मात्र असे: दोन वर्षांत काहीच झाले नाही, तर समलिंगी जोडप्यांना दोन किंवा अधिक साक्षीदारांच्या सह्यांचा दस्त देऊन, संहितेच्या विवाह प्रकरणानुसार, कुटुंबनोंदणी कार्यालयात विवाहाची नोंद करता येईल. कारणमीमांसेत पुढे स्पष्ट केले की अशा जोडप्याला कायदेशीर दांपत्याचा दर्जा, हक्क आणि कर्तव्ये मिळतील.

बहुतेक संसदीय लढायांत अडवणारा पक्ष फायद्यात असतो. विधेयक रखडले की जुना कायदा टिकतो, हेच त्याचे मोठे शस्त्र. इथे विधेयक रखडले असते तर २४ मे २०१९ च्या सकाळी विरोधकांना सर्वांत नको असलेली गोष्ट घडली असती. नागरी संहितेखालचाच विवाह, आणि त्यावर विधिमंडळाची एकही अट नाही. म्हणजे त्यांना स्वतःच्या मर्जीचा कुठलाही बदल हवा असेल, तर कायदा करणे भाग होते. भारतात २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने हाच प्रश्न संसदेवर सोपवला, तेव्हा मुदतही नव्हती आणि मुदत संपल्यावर काय होईल हेही नव्हते. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की फरक डोळ्यांत भरतो.

वाया गेलेले दीड वर्ष

मुदत दुधारी ठरली. समितीने मंजूर केलेले विधेयक तयार होते, सभागृहात बहुमत होते, निकाल हातात होता. २०१७ च्या उत्तरार्धात संहिता दुरुस्त झाली असती तर पुढचे रामायण टळले असते. आमच्या मते या प्रकरणातली सरकारची सर्वांत महागडी चूक हीच. कारण समजण्यासारखे होते. निवृत्तिवेतनातील सुधारणा आणि कामगार कायद्यातील बदलांवरून सरकार आधीच अडचणीत होते, मध्य आणि दक्षिण तैवानमधले डीपीपीचे आमदार चर्चच्या गटांना आणि गावाकडच्या ज्येष्ठ मतदारांना बिचकत होते. नोव्हेंबर २०१८ च्या स्थानिक निवडणुका होऊ द्याव्यात, मग बघू, असा एकूण सूर होता.

आमदारांची भीती अगदीच निराधार नव्हती. विवाह समानतेचे उघड समर्थक आमदार हुआंग कुओ-चांग यांना परत बोलावण्यासाठी विरोधी गटांनी मोहीम चालवली आणि १६ डिसेंबर २०१७ रोजी न्यू तायपेईच्या त्यांच्या मतदारसंघात मतदान झाले. परत बोलावण्याच्या बाजूने सुमारे ४८ हजार मते पडली, विरोधात सुमारे २१ हजार. एकूण मतदारांच्या एक चतुर्थांश, म्हणजे ६३ हजारांहून अधिक, होकार लागत होते, म्हणून पद वाचले. इतर आमदारांनी मात्र दुपटीहून मोठा तो फरक पाहिला.

त्याच महिन्यात सार्वमत कायद्यात बदल झाला. थेट लोकशाहीचा हा डीपीपीचा जुना कार्यक्रम, त्याचा विवाहाशी संबंध नव्हता. पण परिणाम विवाहावरच आधी दिसला. प्रस्ताव मांडायला मतदारांच्या ०.०१ टक्के सह्या, म्हणजे दोन हजारांहूनही कमी, पुरेशा झाल्या. मतदानासाठी १.५ टक्के, म्हणजे सुमारे २ लाख ८२ हजार. मंजुरीसाठी होकार नकारांपेक्षा जास्त हवेत आणि एकूण मतदारांच्या २५ टक्के तरी हवेत. पूर्वी निम्म्या मतदारांनी मतदान करण्याची अट होती, तिच्यापुढे बहुतेक सार्वमते कोसळत.

प्रश्नांची शब्दरचना

‘पुढच्या पिढीच्या सुखासाठी’ अशा नावाच्या विरोधकांच्या आघाडीने तीन प्रश्न तयार केले. क्रमांक १०: नागरी संहितेतला विवाह एक पुरुष आणि एक स्त्री यांच्यापुरता मर्यादित असावा, हे मान्य आहे का? क्रमांक ११ शाळांतल्या लिंगसमानता शिक्षणाबद्दल. क्रमांक १२: संहितेतल्या विवाहाच्या तरतुदींखेरीज अन्य मार्गाने समलिंगी व्यक्तींच्या कायमस्वरूपी सहजीवनाच्या हक्कांचे रक्षण करावे, हे मान्य आहे का?

रचना चतुर होती. समलिंगी विवाहावर बंदी घालावी का, असा प्रश्न न्यायालयाच्या निकालाशी थेट भिडला असता आणि निवडणूक आयोगाकडून पुढे जाणेच अवघड झाले असते. त्याऐवजी हल्ला फक्त संहितेवर ठेवला. विवाह मान्य करणारा पण ७४८ बद्दल नाराज मतदारही १२ ला होकार देऊ शकत होता, कारण त्यात हक्कांचे रक्षण हा शब्द होता.

समर्थकांनी उत्तरादाखल १४ आणि १५ हे उलटे प्रश्न सह्या जमवून आणले. एकाच दिवशी महापौर, नगरसेवक आणि दहा सार्वमते असा मतपत्रिकांचा गठ्ठा मतदाराच्या हाती पडला. रांगा इतक्या लांबल्या की दुपारी चारनंतरही काही केंद्रांवर मतदान चालू होते आणि इतरत्र मोजणी सुरू झाली होती. कोणत्या क्रमांकाला होकार आणि कोणत्याला नकार, ही पाठ करण्याची गोष्ट झाली. यात पैसा आणि चर्चचे जाळे असलेली बाजू पुढे राहिली.

२४ नोव्हेंबर २०१८ चा निकाल निर्विवाद होता. क्रमांक १० ला ७६ लाख ५८ हजार होकार, ७२ टक्के. क्रमांक १२ ला ६४ लाख, ६१ टक्के. मंजुरीचा उंबरठा सुमारे ४९ लाख ४० हजारांचा होता, तो दोन्हींनी सहज ओलांडला. क्रमांक १४ ला ३३ लाख ८० हजार होकार मिळाले आणि दुपटीहून थोडे अधिक नकार. त्याच दिवशी डीपीपीच्या ताब्यातली शहरे आणि जिल्हे १३ वरून ६ वर आले आणि त्साय यांनी पक्षाध्यक्षपद सोडले.

दोन आदेशांमधली फट

न्यायिक युआनने (तैवानच्या न्यायशाखेची सर्वोच्च संस्था) लगेच स्पष्ट केले की संविधानाचे निर्वचन सार्वमताहून वरचे आहे, सार्वमत ते बदलू शकत नाही. पण सार्वमत कायदाही कायदाच होता. क्रमांक १२ मंजूर झाल्याने मंत्रिमंडळाला तीन महिन्यांत विधेयक मांडणे बंधनकारक होते. म्हणजे सरकारच्या डोक्यावर एकाच वेळी दोन मुदती: एक फेब्रुवारी २०१९ ची, दुसरी २४ मे ची.

प्रश्नांची चतुर रचना आता आघाडीवर उलटली. संहितेत हात घालू नका, एवढेच क्रमांक १० म्हणत होता. संहितेबाहेर काय करायचे ते १२ म्हणत होता, आणि तिथे विवाह नको असे कुठेही नव्हते. न्यायालयाने रूप विधिमंडळावर सोडले होते, पण विवाहस्वातंत्र्याचे समान रक्षण मागितले होते. तिन्ही कागद एकमेकांवर ठेवले तर मोकळी राहणारी जागा एकच: वेगळा कायदा, ज्यात विवाह आहे.

२१ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधान सू त्सेंग-चांग यांच्या मंत्रिमंडळाने मसुदा मंजूर केला. नाव: न्यायिक युआन निर्वचन क्रमांक ७४८ अंमलबजावणी कायदा. नावात विवाह नाही, समलिंगी नाही, भागीदारीही नाही. नावात विवाह आला असता तर सार्वमताचे मतदार भडकले असते, भागीदारी आली असती तर समर्थक पुन्हा न्यायालयात गेले असते. निकालाच्या क्रमांकावर आक्षेप घेणार कोण? कोरडेपणाची एवढी उत्तम मसुदेगिरी क्वचितच पाहायला मिळते.

समोर दोन पर्यायी मसुदे आले. कुओमिन्तांगच्या लाय शिह-पाओ यांनी मांडलेले विधेयक सार्वमत क्रमांक १२ च्या नावाचे होते आणि जोडप्यांना कुटुंबसंबंध देत होते, विवाह नव्हे. दुसरे डीपीपीच्याच लिन ताय-हुआ यांचे. त्यात खोट्या संबंधाच्या संशयावरून जवळच्या नातेवाइकांना किंवा सरकारी वकिलांना न्यायालयात जाण्याची वाट ठेवली होती. नातेवाइकांच्या तक्रारीवर जोडप्याचे नाते टांगणीला लावणारी ही तरतूद तडजोड म्हणून पुढे केली गेली. ती मान्य झाली असती तर स्त्री-पुरुषांच्या विवाहाला न लागणारी कसोटी समलिंगी जोडप्यांना कायमची चिकटली असती.

चौथे कलम

मेच्या मध्यावर सरकारी मसुद्यात शेवटचा बदल झाला. फेब्रुवारीच्या मसुद्यात ठिकठिकाणी असलेला समलिंगी विवाहसंबंध हा उल्लेख काढला गेला आणि त्या जागी कलम २ मधील संबंध असे आले. कलम २ ची व्याख्या न्यायालयाच्याच शब्दांत होती: समान लिंगाच्या दोन व्यक्ती सहजीवनासाठी जिव्हाळ्याचे, एकनिष्ठ आणि कायमचे बंधन स्थापू शकतात. वाचणाऱ्याला वाटावे की विवाह गेलाच.

तो कलम ४ मध्ये होता. कलम २ चा संबंध लेखी असावा, दोन किंवा अधिक साक्षीदारांच्या सह्या असाव्यात आणि दोघांनी निर्वचन ७४८ च्या आशयानुसार व या कायद्यानुसार कुटुंबनोंदणी कार्यालयात विवाहनोंदणी करावी. व्याख्येपेक्षा ही एक क्रिया जास्त मोलाची, कारण तैवानमध्ये विवाह सिद्ध होतो तो नोंदणीने. २००८ पासून संहितेतही तसेच आहे, समारंभ कितीही मोठा झाला तरी नोंद नसेल तर विवाह नाही. एकदा ही नोंद झाली की ओळखपत्राच्या मागच्या बाजूला जोडीदाराच्या रकान्यात नाव येते, आणि बँक, रुग्णालय, विमा कंपनी तोच रकाना पाहते. समर्थक संघटनांनी बाकी बरेच सोडले, पण या कलमावर अडून बसल्या. ते बरोबरच होते.

१७ मे रोजी पावसात विधिमंडळाबाहेर हजारो लोक थांबले होते आणि आत कलमवार मतदान चालू होते. कलम ४ वर ६६ विरुद्ध २७ मते पडली. ११३ च्या सभागृहात वीसेक सदस्यांनी या कलमावर मतच दिले नाही. मतदारसंघात तोंड दाखवायचे आहे आणि पक्षालाही पाडायचे नाही, अशांना गैरहजेरीची ही वाट सोयीची ठरली. कुओमिन्तांगमधल्या काहींनी पक्षाविरुद्ध जाऊन होकार दिला. २४ मे रोजी, न्यायालयाची मुदत संपली त्याच दिवशी, कायदा लागू झाला आणि पहिल्या दिवशी ५२६ जोडप्यांनी नोंद केली.

जानेवारी २०२० मध्ये त्साय ५७ टक्के मतांनी पुन्हा निवडून आल्या. हाँगकाँगमधल्या आंदोलनाने ती निवडणूक पूर्णपणे दुसऱ्याच प्रश्नावर नेली होती, त्यामुळे तिच्यावरून विवाहाबद्दलचा कौल काढणे चूक ठरेल. एवढे मात्र दिसले की या मतासाठी पक्षाला भोगावी लागेल अशी समजली गेलेली शिक्षा आली नाही.

वेगळ्या कायद्याची किंमत

संहिता दुरुस्त झाली असती तर पती, पत्नी, दांपत्य हे शब्द जिथे जिथे येतात तिथे सगळे आपोआप लागू झाले असते. वेगळ्या कायद्यात प्रत्येक गोष्ट मुद्दाम ओढून आणावी लागते. कलम २४ ने जोडीदारांविषयीचे इतर कायदे जसेच्या तसे लागू केले, पण अन्यथा तरतूद नसेल तरच. राहिलेल्या गोष्टींसाठी एकेक लढाई स्वतंत्रपणे लढावी लागली.

आधी परदेशी जोडीदार. तैवानच्या नियमाप्रमाणे विवाहाची पात्रता प्रत्येकाच्या मायदेशाच्या कायद्यावरून ठरते. मायदेशात समलिंगी विवाह नसेल तर तैवानमध्येही नोंद होत नसे. मकाव, मलेशिया अशा ठिकाणच्या जोडीदारांची प्रकरणे २०२१ पासून एकेक करून तायपेईच्या उच्च प्रशासकीय न्यायालयात जिंकली गेली, पण प्रत्येक निकाल त्या जोडप्यापुरताच. जानेवारी २०२३ मध्ये गृह मंत्रालयाने परिपत्रक काढून बहुतेक देशांसाठी अट उठवली. चीनच्या नागरिकांना वगळले होते, त्यांच्यासाठी तिसऱ्या देशात झालेल्या विवाहाच्या आधारे नोंदीची वाट सप्टेंबर २०२४ मध्ये उघडली.

मग दत्तक. कलम २० ने फक्त जोडीदाराच्या जैविक मुलाला दत्तक घेता येत होते. परिणाम विचित्र होता. एकटी व्यक्ती दत्तक घेऊ शकत होती, पण तिने दत्तक घेतलेल्या मुलाला तिचा समलिंगी जोडीदार विवाहानंतर दत्तक घेऊ शकत नव्हता. विवाहामुळे अशा मुलाच्या बाबतीत काहीच मिळत नव्हते. २०२१ च्या अखेरीस काऊशुंगच्या बाल व कुटुंब न्यायालयाने मुलाचे हित पुढे ठेवून एका जोडप्याला परवानगी दिली, तरी नियम तोच राहिला. १६ मे २०२३ रोजी कलम २० दुरुस्त झाले आणि संयुक्त दत्तकाचा मार्ग मोकळा झाला.

सासरच्या नात्यांचा उल्लेख २०१९ च्या कायद्यात नव्हता. २००७ च्या सहायक प्रजनन कायद्यालाही त्याने हात लावला नाही, आणि तो पती-पत्नीच्या व्याख्येवर बेतलेला. त्यामुळे मूल हवे असलेल्या स्त्रियांची जोडपी उपचारांसाठी परदेशी जाऊ लागली. परतल्यावर जन्म देणारी आई एकटीच कायदेशीर आई ठरे, दुसरीला कलम २० खाली न्यायालयात दत्तकाचा अर्ज करावा लागे. स्त्री-पुरुष दांपत्यात मूल जन्मले की पतीचे नाव नोंदीत आपोआप लागते. इथे न्यायालयाची मंजुरी येईपर्यंत दुसऱ्या आईचा त्या मुलाशी कायद्याच्या दृष्टीने काहीच संबंध नसे.